छत्तिसावा दात

गियर मी कापला होता. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं जाऊन मला ते गुळमुळीत करता येणार नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला की आता या वयात कशाला, त्या वर्कशॉपमधली निम्मी माणसं गेली, उरलेल्यांना काही आठवत नाही, आणि तुम्हाला बीपी आहे. बीपी आहे हे खरं. कुणाला आठवत नाही हे खोटं. ते कसं खोटं आहे, तेच सांगतो.

निवृत्त झाल्यावर मी धुळ्याहून जळगावला आलो. घरामागं कपडे वाळत घालायच्या जागेवर पत्रे टाकून एक खोली केली आणि तिथं एक छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर कापणारं, मशीन मांडलं. टेबलावर मावेल एवढंच आहे. लाकूड, नायलॉन, फार तर पितळ कापतं. माझ्या वयाची माणसं सकाळी बागेत जाऊन टाळ्या वाजवत हसतात. मी दारावरच्या पाट्या कोरतो. पण हे मशीन डावीकडं-उजवीकडं, पुढं-मागं आणि वर-खाली एवढंच चालतं, त्यामुळं जे होतं ते सगळं सपाट. सगळं आयुष्य गोल वस्तू केलेल्या माणसाला सपाट वस्तूंचा कंटाळा येतो. म्हणून ठरवलं की याला चौथी चाल द्यायची. म्हणजे काम, कापायचा तुकडा, धरणारं एक चक बसवायचं आणि ते मोटरनं मोजून फिरवायचं. दहा अंश म्हटलं की दहाच अंश.

तसलं तयार मिळतं. मुलगा मागवून देतो म्हणाला. मी नको म्हणालो. विकत आणलेल्या वस्तूशी भांडता येत नाही.

चक भंगार बाजारात मिळालं, तीन जबड्यांचं, एक जबडा अडकत होता तो घासून सैल केला. बेअरिंगसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीत घर केलं. मोटरवर वीस दातांची लहान पुली, चकच्या दांड्यावर जुन्या मशीनमधून काढलेली मोठी पुली, मधे दातेरी पट्टा. मशीनच्या कंट्रोलला तीनच मोटरींची सोय होती, म्हणून पुढं-मागं चालणाऱ्या मोटरचा प्लग काढला आणि त्या जागी या मोटरचा खुपसला. मशीनला वाटतं आपण पुढं चाललोय, आणि खरं तर काम जागच्या जागी फिरत असतं. मग कंट्रोलला सांगावं लागतं की मोटरच्या किती ठोक्यांना एक अंश होतो. ते मोठ्या पुलीच्या दातांवरून ठरतं. त्या पुलीवर आकडा नव्हता. मी खडूनं एका दातावर खूण केली, मोजले आणि आकडा भरला.

चाचणीला नायलॉनचा पांढरा रॉड लावला आणि भोवताली छत्तीस खाचा पाडल्या. छत्तीसच का, हे मला घरात कुणी विचारलं नाही.

रॉड काढून हातात घेतला. पस्तीस दात एकसारखे, आणि छत्तिसावा दीडपट जाड.

मी तो दात अंगठ्यानं दाबून बघितला. मग आयुष्यभर जे केलं तेच केलं, दुसऱ्याला दोष दिला. पट्टा घसरतोय, मोटर दम सोडतेय, कंट्रोल स्वस्तातलं आहे. रॉड खिशात टाकून एमआयडीसीत गेलो. तिथं मोटरी, बेअरिंग, पट्टे विकणारा एक जण आहे, तिशीपस्तिशीचा. आधी धुळ्यात काम शिकलेला. त्यानं रॉड ट्यूबलाइटखाली फिरवला आणि हसला.

"आबा, हा तर नानाचा दात."

मी विचारलं, म्हणजे काय. त्यानं हौसेनं सांगितलं. धुळ्याच्या लायनीत असंच म्हणतात. गोल फिरत मोजताना चूक झाली आणि शेवटचा भाग जाड उरला की तो नानाचा दात. तिकडं कुणी नाना होते, त्यांना भोकं मोजता येत नव्हती. त्यांनी वाट लावलेला गियर एका वर्कशॉपच्या दाराशी खिळ्याला टांगलेला आहे, उस्तादानं त्याला मुद्दाम नेऊन दाखवला होता.

"कोण होते हे नाना?" मी विचारलं.

"कोणास ठाऊक. होते कुणीतरी अडाणी." मग म्हणाला, "तुम्ही पुली मोजली का नीट?"

मी एकोणसाठ भरले होते. घरी येऊन त्याला व्हिडिओ कॉल लावून त्याच्यासमोर पुन्हा मोजले, तर साठ. खडूच्या दाताच्या पुढच्या दातापासून मी एक म्हणायला सुरुवात केली होती, आणि खडूचा दात यायच्या आधीच थांबलो होतो. निघालो त्या दातावर परत पोचलोच नव्हतो. आकडा बदलला, नवा रॉड लावला, छत्तीसच्या छत्तीस सारखे आले. यंत्राचं काम झालं होतं. माझं तिथून सुरू झालं.

आता नानांविषयी.

धुळ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये मी लागलो तेव्हा आयटीआयचं सर्टिफिकेट ताजं होतं. नाना मिलिंग मशीनवर होते. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की मालक अवघड काम दुसऱ्याला देत नसत. गियर कापायला आमच्याकडं डिव्हायडिंग हेड होतं. त्याच्या हँडलला एक पिन, आणि मागं गोल भोकांची प्लेट. हँडलचे चाळीस फेरे झाले की काम एकदा पूर्ण फिरतं. छत्तीस दातांना प्रत्येक दातामागं एक फेरा आणि वर चोपन्न भोकांच्या रांगेतली सहा भोकं. भोकं दरवेळी मोजावी लागू नयेत म्हणून प्लेटवर दोन पट्ट्या असतात. आमच्या हेडच्या पट्ट्या कधीच तुटल्या होत्या. बोटानं मोजायचं. नाना मोठ्यानं मोजत, आणि सुरुवात शून्यापासून करत. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "पिन ज्या भोकमा शे, त्याले शून्य म्हण." मला ती अडाणी माणसाची सवय वाटली. मी मनातल्या मनात मोजत असे.

तो गियर शिरपूरकडच्या एका जिनिंगचा होता. कापसाचा मोसम भरात, गाड्यांची रांग, आणि त्यांच्या यंत्राचा गियर तुटलेला. त्यांची दोन माणसं सकाळपासून आमच्या दारात टेम्पो लावून बसली होती. नानांनी काम बांधलं, पहिल्या तीन खाचा पाडल्या. तेवढ्यात मालकांनी त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शाफ्ट मोजायला बाहेर पाठवलं. जाताना मला म्हणाले, एक फेरा, सहा भोकं, आणि तोंडानं मोज. उरलेल्या तेहतीस खाचा मी पाडल्या. तोंडानं मोजलं नाही. पिन ज्या भोकात होती तेच मी दरवेळी एक धरलं, म्हणजे सहाच्या जागी पाचच भोकं सरकत गेलो. एका दातात ते दिसत नाही. तेहतिसांत साचतं. शेवटचा दात उरला तो दीडपट जाड.

नाना परत आले, मशीनजवळ उभे राहिले आणि एका नजरेत समजले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तू सांगशी का मी सांगू?"

मी म्हणालो, मी सांगतो.

मालक आले. जिनिंगची माणसं त्यांच्या मागं. मालकांनी गियर बघितला, मशीन कुणाचं ते त्यांना ठाऊक होतं, त्यांनी मला काही विचारलंच नाही. नानांकडं बघून म्हणाले, "यांना भोकं मोजता येत नाहीत. उगाच मशीनवर उभं केलं."

यांना म्हणजे कुणाला, ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. नाना बौद्ध होते. मालक आणि मी एका समाजाचे. हे लिहिताना हात अडखळतो, म्हणूनच लिहितो आहे. नानांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगतो असं म्हणून फार तर पाच मिनिटं झाली असतील. मी चिंध्यांनी हात पुसत राहिलो. हात स्वच्छ होते.

त्याच दिवशी नानांना काढलं. त्यांच्या मशीनवर मी उभा राहिलो, पुढं फोरमन झालो आणि फोरमन म्हणूनच निवृत्त झालो. मालकांनी तो गियर दाराशी टांगला, नव्या लोकांना धाक म्हणून. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. नाव मी दिलं. आठवडाभरात कुणीतरी विचारलं, हा का टांगलाय, आणि मी म्हणालो, तो नानाचा दात आहे. सगळे हसले. मला ते हसणं हवं होतं, कारण ते हसत होते तोवर कुणी मोजणार नव्हतं. पुढं कित्येक बॅचना मी तो गियर दाखवला. एमआयडीसीतल्या त्या दुकानदाराच्या उस्तादाला बहुधा मीच दाखवला असेल.

म्हणून कुणाला आठवत नाही हे खोटं. तो शब्द माझ्या तोंडातून निघून धुळ्याहून जळगावला आला, आणि माझ्याच खिशातल्या रॉडवर बसला.

धुळ्याला गेलो. आता वर्कशॉप मालकांचा मुलगा बघतो. त्याला मी लहानपणी खांद्यावर घेतलेलं. त्यानं चहा मागवला. गियर तिथंच होता, बशीएवढा, तेलाच्या धुरानं काळा. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि मोबाइलवर बोट फिरवत होता. मग म्हणाला की काका, बाबांनी तुमच्यावर विश्वास टाकला, आता ते नाहीत, त्यांनी चुकीच्या माणसाला काढलं असं कशाला करायचं. नाना तरी आता कुठं आहेत. तिथला आजचा फोरमन दारात उभा होता. तो म्हणाला, "काका, कबुली देऊन पेन्शन वाढत नाही." मी म्हणालो, पेन्शन आहेच कुठं. दोघं हसले. मी गियर मागितला, तर नेता येणार नाही म्हणाला, वर्कशॉपची निशाणी आहे.

शिरपूरला गेलो. नाना वारले हे मला ठाऊक होतं. अंत्ययात्रेला गेलो नव्हतो. त्यांची मुलगी एसटीत कंडक्टर आहे. आगारातल्या कँटीनमध्ये भेटली. खाकी गणवेश, खांद्याला बॅग, दोन फेऱ्यांच्या मधला वेळ. माझ्याशी ती शुद्ध मराठीत बोलत होती. नानांची भाषा तिनं माझ्यासाठी काढली नाही.

मी सांगितलं. शब्द मी दिला, तेही सांगितलं. ती शेवचिवडा खात ऐकत होती. संपल्यावर हात धुवून आली.

"मग आता मी काय करू? रडू?"

मी म्हणालो, काही करू नका.

मी विचारलं नव्हतं, पण तिनं सांगितलं. नाना त्यानंतर कुठल्याही मशीनवर उभे राहिले नाहीत. पाळण्याचे दांडे, लाटणी, असलं लाकूडकाम हातानं फिरवायच्या खरादीवर करायचे. तुमची वाट बघितली असं काही समजू नका, म्हणाली. तुमचं नाव निघालं की ताटावरून उठून जायचे, एवढंच. तिचा भाऊ धुळ्यात एका कारखान्यात कामाला लागला, तर त्याला पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणालं, नानाच्या दाताचा तूच का. तो नोकरी सोडून आला. मग म्हणाली की तुम्ही लिहून छापाल, लोक म्हणतील म्हातारा चळलाय. तुमच्या सांगण्यावर माझे वडील खोटे ठरले, आता तुमच्या सांगण्यावरच खरे ठरायला नकोत.

"मोजून दाखवा. तिथंच, सगळ्यांसमोर. मी येते."

बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी रडलो नाही, चिडलो. तिच्यावर नाही. चाळीस वर्षं मी त्या गियरखालून ये-जा केली, आणि मला हे सुचलं नव्हतं. गियर तर सगळं बोलतोय. पहिल्या तीन खाचा नानांच्या, बरोबर अंतरावर. चौथीपासून माझ्या, प्रत्येक अंतर सारखंच कमी. कोण कुठवर उभा होता, ते लोखंडात कापलेलं आहे. फक्त कुणी मोजलं नव्हतं, कारण कुणालाच मोजायची गरज वाटली नव्हती.

मी माझी चौथी चाल मशीनवरून सोडवली. चक, मोटर, पट्टा, कंट्रोलचा डबा, आणि कामाच्या कडेला टेकवून केसाएवढा फरक दाखवणारं घड्याळासारखं डायल. सगळं पोत्यात बांधलं आणि बसमध्ये पायाशी ठेवलं. मुलाला कळवलं नाही. मालकाच्या मुलाला आदल्या दिवशी फोन केला. तो आढेवेढे घ्यायला लागला, तर मी म्हणालो की मी येतोय, दार बंद असलं तर रस्त्यावर मांडीन. तो काकुळतीला आला. मी फोन ठेवला.

नानांची मुलगी माझ्या आधी वर्कशॉपात येऊन बसली होती. गणवेशातच होती. जेवायच्या सुट्टीत सगळे कामगार भोवती जमले, डबे हातात घेऊन. फोरमन म्हणाला, चला, आज फुकट सिनेमा. खिळ्यावरून गियर काढला, तर त्यामागं भिंतीवर त्याच्याच आकाराची स्वच्छ गोल जागा निघाली. रॉकेलनं धुतला. चकचे जबडे गियरच्या मधल्या भोकात आतून ताणून बसवले, डायल जाड दातालगतच्या पहिल्या खाचेत दाताच्या कडेला टेकवलं, शून्य केलं. मग एकेक दात. डायलचा काटा परत शून्यावर येईपर्यंत गियर फिरवायचा आणि कंट्रोलच्या पडद्यावरचा अंश वाचायचा. मी फिरवत होतो. वाचायला मी फोरमनलाच सांगितलं, म्हणजे माझ्या तोंडचं कुणी ऐकायला नको.

त्यानं वाचलं, दहा. मग वीस. तिथवर आवाज चेष्टेचा होता.

मग म्हणाला, एकोणतीस पूर्णांक त्र्याऐंशी.

मी म्हणालो, पुढं. एकोणचाळीस सदुसष्ट. एकोणपन्नास पन्नास. जसजसं पुढं गेलो तसतसे डबे खाली ठेवले गेले. एक म्हातारा वेल्डर होता, माझ्या वेळचा एवढा एकच उरलाय. तो हळूच म्हणाला, दरवेळी सारखंच कमी पडतंय की. मोजता न येणाऱ्याचं असं नसतं, कधी कमी पडतं, कधी जास्त. हा कुणीतरी प्रत्येक वेळी तीच चूक करणारा माणूस आहे. बत्तिसावी खाच, तेहतिसावी, चौतिसावी, पस्तिसावी. शेवटच्या खाचेवर फोरमननं वाचलं, तीनशे चव्वेचाळीस पन्नास, आणि स्वतःच वजाबाकी केली. साडेपंधरा अंशांचा एकटा दात.

मी उभा राहिलो. भाषण तयार करून आणलं होतं, ते केलं नाही. एवढंच म्हणालो की दहा आणि वीस नानांचे, त्यापुढचे सगळे माझे, आणि नानाचा दात हा शब्द मी काढला. उद्यापासून कुणाला म्हणायचंच असेल तर माझं नाव घ्या. माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, कारण आडनावानंच त्या दिवशी मला वाचवलं होतं.

मालकाचा मुलगा म्हणाला, झालं ना काका, आता हा गियर भंगारात टाकू, विषय संपवू. त्याला बरंच वाटत असावं की हा शहाणा तोडगा आहे.

"टाकायचा नाही," बाई म्हणाली. "इतकी वर्षं टांगला ना? टांगूनच ठेवायचा."

तो म्हणाला की लोकांची तोंडं कशी धरणार. ती म्हणाली, तोंडं नका धरू, नाव बदला. आणि माझ्याकडं बघितलं.

मी फोरमनकडं लोखंडात अक्षरं ठोकायचे पंच मागितले. जाड दाताचा एक तरी उपयोग होता. बाकीच्या पस्तीस दातांच्या माथ्यावर एक अक्षर मावलं नसतं, याच्यावर माझ्या नावाची तीन अक्षरं मावत होती. गियर शिकंज्यात धरला. पहिलं अक्षर जरा तिरकं बसलं, कुणी हसलं नाही. तिन्ही मारून झाल्यावर ती वाकून बघायला आली. बोट फिरवलं.

"घासलं तर जाईल का?"

मी म्हणालो, वरवरचं जाईल.

ती सरळ झाली. बॅग खांद्यावर घेतली, तिच्या गाडीची वेळ झाली होती. मग जायच्या आधी, माझ्याकडं न बघता, गियरकडं बघत, नानांच्या भाषेत म्हणाली, "आजून एकदाव मारा."

मी पंच पुन्हा त्याच खाचेत बसवला आणि हातोडा उचलला.